अभावाचा चौक

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागात सुमारे आठ एकरांचा एक सार्वजनिक चौक आहे. त्यात दोन प्रचंड चौकोनी कुंडे आहेत, प्रत्येक जवळपास एक एकराचे. चारही कडांवरून पाणी नऊ मीटर खाली कोसळते, तळावर पसरते आणि मधोमध असलेल्या आणखी एका चौकोनी विवरात उतरून नाहीसे होते. काठावर कुठेही उभे राहिले तरी त्या विवराचा तळ दिसत नाही. ११ सप्टेंबर २००१च्या सकाळपर्यंत याच दोन जागांवर वर्ल्ड ट्रेड सेंटरचे ११० मजली जुळे मनोरे उभे होते. त्या सकाळच्या दहशतवादी हल्ल्यात ते कोसळले. या हल्ल्याला दहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २०११ साली, हे स्मारक मृतांच्या नातेवाइकांसाठी आणि दुसऱ्या दिवसापासून सर्वांसाठी खुले झाले.

स्मारक म्हटले की काहीतरी उभारायचे, ही जगभरची रीत आहे. पुतळा, स्तंभ, कमान, छत्री, समाधी या साऱ्यांत रिकाम्या जागेवर एक वस्तू येते आणि ती वस्तू गेलेल्याच्या वतीने उभी राहते. इथे उलट क्रिया झाली. जिथे वस्तू होती तिथे ती आता नाही, एवढेच दाखवायचे ठरले, आणि त्यासाठी जमीन खोदून तिच्या कडेने पाणी सोडण्यात आले. या निर्णयामागे एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. नसणे दिसते का? दिसत असेल, तर ते दाखवण्यासाठी काय काय लागते? आणि ते सर्वांना सारखेच दिसते का? चौकाची आखणी, झाडांच्या ओळी, काठावरची अक्षरे, मातीची खोली या सगळ्या बाबी वरवर पाहता वास्तुकलेच्या आहेत. पण त्यांतली प्रत्येक बाब या प्रश्नाला दिलेले एक उत्तर आहे.

भारतीय दर्शनांत या प्रश्नावर शेकडो वर्षे वाद झाला. जमिनीवर घडा नाही, हे माणसाला कळते ते कसे, हे त्या वादाचे ठरलेले उदाहरण. न्याय दर्शनाच्या पंडितांच्या, म्हणजे नैयायिकांच्या मते अभाव हा खराखुरा पदार्थ आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त द्रव्य, गुण, कर्म यांच्या बरोबरीने त्याला सातवे स्थान मिळालेले आहे. डोळ्यांना जमीन दिसते आणि त्या जमिनीचे विशेषण म्हणून घड्याचा अभावही दिसतो, असे ते मानतात. कुमारिल भट्टाच्या परंपरेतल्या मीमांसकांना हे पटत नाही. डोळ्यांना फक्त जमीन दिसते, घडा नसल्याचे ज्ञान मात्र अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, या स्वतंत्र ज्ञानसाधनाने होते, असे त्यांचे म्हणणे. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती हे ज्ञान अनुमानात बसवतो. प्रभाकराचे अनुयायी सर्वांत कठोर आहेत. अभाव नावाचे काही नाहीच, नुसती मोकळी जमीन आहे आणि तिलाच लोक घड्याचा अभाव म्हणतात, असे ते सांगतात.

स्मारकाच्या रचनाकारापुढचे खरे आव्हान प्रभाकराच्या अनुयायांचे आहे. त्यांचे म्हणणे खरे असेल, तर मॅनहॅटनमधली दोन कुंडे ही फक्त दोन कुंडे आहेत. दूर देशातून आलेला, या जागेची काहीच माहिती नसलेला पाहुणा तिथे उभा राहिला तर त्याला एक भव्य धबधबा दिसेल, गारवा जाणवेल आणि तो पुढे जाईल. त्याच्यापुरते प्राभाकरांचे म्हणणे तंतोतंत खरे ठरते. मग त्याच काठावर, त्याच पाण्याकडे पाहत उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला नसणे दिसते ते कशाच्या बळावर?

नैयायिकांकडे याचे उत्तर आहे आणि ते फार सूक्ष्म आहे. अभाव कधीही नुसता नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कुठेतरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव ते अधिकरण. घडा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला घड्याचा अभाव दिसणार नाही. जमीनच दिसत नसेल, तर तिच्यावर काय नाही हेही कळणार नाही. यात आणखी एका अटीची भर पडते. वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. चारशेहून अधिक मीटर उंचीचे मनोरे भर दिवसा दिसत नाहीत, तेव्हा ही अट मात्र पुरती पूर्ण होते.

विसाव्या शतकात ज्याँ-पॉल सार्त्रने १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या ग्रंथात जवळपास याच ठिकाणी बोट ठेवले. कॅफेत मित्राला भेटायचे ठरले आहे, पोहोचायला थोडा उशीर झाला आहे आणि मित्र तिथे नाही. तेव्हा टेबले, आरसे, गर्दी, धूर हे सगळे मागे सरते आणि मित्राचे नसणे सगळ्या कॅफेभर पसरते. जगातली इतर असंख्य माणसेही त्या क्षणी तिथे नसतात, पण त्यांचे नसणे जाणवत नाही, कारण त्यांची कुणी वाट पाहत नसते. सार्त्रचा भर वाट पाहण्यावर आहे, नैयायिकांचा प्रतियोगीच्या ज्ञानावर. दोघांच्याही म्हणण्यातून एक गोष्ट निघते. पाहणाऱ्याच्या मनात काही नसेल, तर पोकळी मुकी राहते.

२००१ साली या अटी आपोआप पूर्ण होत होत्या. हल्ल्याच्या आठवड्यात न्यूयॉर्कचे लोक युनियन स्क्वेअरसारख्या चौकांत मेणबत्त्या घेऊन जमत होते, बेपत्ता माणसांची छायाचित्रे कुंपणांवर चिकटवत होते. प्रत्येकाच्या डोळ्यांत मनोरे होते. या स्मारकाचा रचनाकार मायकेल अराड हा त्या वेळी शहरातच राहणारा तरुण वास्तुविशारद. पुढे तो शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणात नोकरी करू लागला. हडसन नदीच्या पृष्ठभागावर दोन चौकोनी पोकळ्या आहेत, पाणी त्यांत सतत पडते आहे आणि तरी त्या भरत नाहीत, ही त्याची पहिली कल्पना. स्मारकासाठी २००३ साली झालेल्या स्पर्धेत ६३ देशांतून ५,२०१ प्रस्ताव आले. १३ जणांच्या निवड मंडळाने जानेवारी २००४ मध्ये अराडच्या 'रिफ्लेक्टिंग ॲबसेन्स' या प्रस्तावाची निवड केली. संपूर्ण परिसरासाठी आधीच ठरलेल्या एकूण आराखड्यात स्मारकाची जागा रस्त्याच्या पातळीच्या बरीच खाली होती. अराडने ती वर, भोवतालच्या रस्त्यांच्या पातळीला आणली. शोकाची जागा शहरापासून तुटलेला खड्डा होऊ नये आणि चालत जाणाऱ्या कुणालाही सहज तिथे येता यावे, हा त्यामागचा विचार होता.

मात्र त्याचा मूळ आराखडा फार उघडाबोडका होता. विस्तीर्ण दगडी पटांगण, त्यात दोन पोकळ्या आणि तुरळक झाडे. निवड मंडळाने त्याला जागा सौम्य करायला सांगितले आणि अंतिम टप्प्यात सत्तरी ओलांडलेला भूदृश्य रचनाकार पीटर वॉकर त्याच्या जोडीला आला. रिकामेपण दाखवायचे तर सारे रिकामेच ठेवावे, असे प्रथमदर्शनी कुणालाही वाटेल. पण नैयायिकांच्या हिशोबात ही चूक ठरते. सगळेच रिकामे असेल तर अधिकरण उरत नाही. पोकळी उठून दिसायला तिच्याभोवती काहीतरी भरलेले, जिवंत, ठाम असे हवे. वॉकरने ते झाडांनी केले. आज या चौकात स्वॅम्प व्हाइट ओक जातीची चारशेहून अधिक झाडे आहेत आणि त्यांच्या पानांच्या छताखालून चालत आलेला माणूस अचानक आभाळाखाली, पाण्याच्या कडेला येऊन थबकतो. ते थबकणे झाडांनी घडवलेले असते.

झाडांची मांडणीही विचारपूर्वक केलेली आहे. ती पूर्व-पश्चिम पट्ट्यांत लावलेली आहेत, पण प्रत्येक पट्ट्यात दोन झाडांमधले अंतर कमी-जास्त ठेवले आहे, तारेवर मणी इकडेतिकडे सरकवावेत तसे. त्यामुळे एका बाजूने पाहिले तर सरळ ओळी दिसतात आणि दुसऱ्या बाजूने तीच झाडे रानासारखी विखुरलेली भासतात. मानवी योजना आणि निसर्गाची स्वैरता, दोन्ही त्याच खोडांतून, फक्त पाहणाऱ्याने वळायचे. या चौकात मृत्यू कसे आले हे आठवले की या मांडणीचा अर्थ गडद होतो. कार्यालयाच्या मजल्यांवरची नेमकी आसनव्यवस्था आणि त्या सकाळी कोण वेळेवर आले, कोण उशिरा आले यातला निव्वळ योगायोग यांची तिथे अशीच गाठ पडली होती.

अधिकरण मिळाले तरी प्रतियोगी उरतोच. २००१ नंतर जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांत मनोरे नाहीत. दर वर्षी अशा पाहणाऱ्यांची संख्या वाढत जाणार आणि एक दिवस तेवढेच उरणार. त्या दिवशी पोकळीला कोण बोलते करणार? स्मारकाने याचे उत्तर नावांनी दिले आहे आणि या साऱ्या रचनेत तेच सर्वांत मोलाचे आहे. कुंडांच्या चारही काठांवर कांस्याचे कठडे आहेत आणि त्यांत २,९८३ नावे आरपार कोरलेली आहेत: ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांत न्यूयॉर्क, पेंटागॉन आणि पेनसिल्व्हेनियात मारले गेलेले २,९७७ आणि २६ फेब्रुवारी १९९३ रोजी याच इमारतसंकुलात झालेल्या बॉम्बस्फोटातले ६. रात्री त्या अक्षरांतून खालचा उजेड वर येतो. म्हणजे अक्षरेसुद्धा धातूतून काढून टाकलेल्या जागेचीच आहेत. पाहणारा नाव वाचतो, बोट त्यावरून फिरवतो, आणि मग मान वर करून पोकळीकडे पाहतो. प्रतियोगी आधी, अधिकरण नंतर. न्यायशास्त्राने सांगितलेला क्रम इथे हाताच्या उंचीवर मांडलेला आहे.

नावांचा क्रम कसा असावा यावर मोठा संघर्ष झाला. सुरुवातीच्या आराखड्यात नावे जमिनीखालच्या दालनांत, पडत्या पाण्याच्या मागे, कोणताही क्रम न लावता येणार होती. मृत्यूने निवड करताना काही पाहिले नाही, मग नावांनाही क्रम नको, ही त्यामागची भूमिका. तत्त्व म्हणून ती प्रामाणिक होती, पण नातेवाइकांना ती असह्य वाटली. आपला माणूस एका अफाट यादीतला कुठलाही एक आकडा होऊन बसणार, हे त्यांना नको होते. खर्च आणि सुरक्षितता यांच्या कारणाने २००६ साली दालने रद्द झाली, नावे वर कठड्यावर आली आणि क्रमाचा प्रश्न नव्याने खुला झाला. अखेर जे ठरले ते दोन्ही बाजूंच्या पलीकडचे होते. वर्णानुक्रम नाही, पद नाही, वय नाही. माणसे त्या दिवशी जिथे होती आणि ज्यांच्याबरोबर होती त्यानुसार गट पाडले गेले, आणि कुणाचे नाव कुणाशेजारी असावे हे कुटुंबांना विचारण्यात आले. बाराशेच्या आसपास विनंत्या आल्या. भावंडे, जिवलग मित्र, एका अग्निशमन तुकडीतले सोबती, एकाच मजल्यावर शेजारी बसणारे सहकारी. एकट्या कँटर फिट्झगेराल्ड या संस्थेचे ६५८ कर्मचारी गेले होते. अशा गटात प्रत्येकाची प्रत्येक विनंती पाळायची म्हणजे मोठे कोडेच होते. त्यासाठी संगणकाचा आधार घ्यावा लागला आणि नंतर रचनाकारांनी हाताने जुळवाजुळव केली.

आणि तरी काठावरून चालणाऱ्या अनोळखी माणसाला यातले काहीच दिसत नाही. त्याला नावे विस्कळीत वाटतात. शेजार फक्त ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच कळतो. अराडची मूळ भूमिका आणि नातेवाइकांची मागणी या दोन्ही एकाच कठड्यावर नांदतात. या स्मारकातला हा सर्वांत सखोल निर्णय म्हणावा लागेल, कारण माणूस म्हणजे काय याचे एक उत्तर त्यात आहे. माणूस त्याच्या नात्यांच्या जाळ्यात असतो आणि गेल्यावर त्याचा अभावही तिथेच, कुणाच्या तरी शेजारी असतो. रिकाम्या खुर्चीचे दुःख तिच्या शेजारच्या खुर्चीवरूनच कळते.

इतर स्मारकांनी वेगळे मार्ग निवडले आहेत. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धाच्या १९८२ सालच्या स्मारकावर माया लिनने नावे मृत्यूच्या कालक्रमाने लावली, त्यामुळे एका तुकडीत एकाच दिवशी पडलेले सैनिक भिंतीवरही एकत्र राहिले. ही माया लिन न्यूयॉर्कच्या निवड मंडळात होती. बर्लिनमध्ये २००५ साली खुल्या झालेल्या, मारल्या गेलेल्या युरोपीय ज्यूंच्या स्मारकात पीटर आयझेनमनने काँक्रीटचे २,७११ ठोकळे उभे केले आणि त्यांवर एकही नाव घातले नाही. नावे जमिनीखालच्या माहिती केंद्रात आहेत. त्या ठोकळ्यांमधून चालताना जीव घुसमटतो, वाट हरवल्याची भीती वाटते, हे खरे. पण तिथे मुले उड्या मारतात, लोक ठोकळ्यांवर पाय सोडून बसतात, हेही खरे. प्रतियोगीचे ज्ञान वर ठेवलेले नसल्यामुळे ज्याने ते सोबत आणले नाही त्याला ती जागा खेळाची वाटते. दोष त्या मुलांचा नाही.

अभावाचे प्रकार पाडताना नैयायिकांनी काळाचा विचार केला. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तिचा अभाव म्हणजे प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण शेवट आहे, कारण वस्तू जन्मली की तो संपतो. वस्तू नष्ट झाल्यावरचा अभाव म्हणजे ध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, पण शेवट नाही. फुटलेल्या घड्याच्या मातीतून कुंभाराने हुबेहूब तसाच घडा केला तरी तो दुसरा घडा असतो आणि पहिल्याचा ध्वंस तसाच राहतो. हल्ल्यानंतर अमेरिकेत एक मोठा मतप्रवाह असा होता की मनोरे होते तिथेच, होते तसेच पुन्हा बांधावेत. हल्लेखोरांना तेच उत्तर ठरेल, असे त्या लोकांना वाटे. भावना समजण्यासारखी आहे. पण तसे झाले असते तर ध्वंस पुसला गेला नसता, फक्त झाकला गेला असता. २०१४ साली खुला झालेला ५४१ मीटर उंचीचा नवा मनोरा चौकाच्या बाजूला उभा आहे, जुन्या मनोऱ्यांच्या जागांवर नाही. त्या दोन जागा कायमच्या मोकळ्या सोडणे म्हणजे ध्वंसाभावाला शेवट नसतो हे मान्य करणे होय. जगातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी एकीवर एका शहराने ते मान्य केले, ही लहान गोष्ट नाही.

या कठड्यावर काही स्त्रियांच्या नावापुढे त्यांच्या पोटातल्या बाळाचाही उल्लेख आहे. तिथे दर्शनांची वर्गवारीही अडखळते. गर्भ होता, म्हणून त्याचा ध्वंस झाला असे म्हणावे, तर जे आयुष्य जगले जायचे होते ते अजून सुरूच झाले नव्हते. त्या आयुष्याचा प्रागभाव म्हणावा, तर तो संपायला हवा होता आणि आता कधीच संपणार नाही. आरंभ नाही आणि शेवटही नाही, अशा अभावासाठी नैयायिकांनी अत्यंताभावाचा स्वतंत्र वर्ग केला आहे, पण वायूला रंग नसतो त्या जातीचे हे नसणे नव्हे. या ठिकाणी कोणतेही शास्त्र पुरे पडत नाही आणि कठड्यावरच्या त्या मोजक्या शब्दांपुढे मान खाली घालण्याखेरीज काही करता येत नाही.

ध्वंसाच्या शेजारी वॉकरने प्रागभाव आणून ठेवला. ओकची पाने शरद ऋतूत पिवळी-तांबूस होऊन गळतात. हिवाळाभर फांद्या उघड्या राहतात आणि वसंतात पुन्हा पालवी येते. फांदीवरचे न आलेले पान हा संपणारा अभाव आहे. बारमाही हिरवी झाडे लावली असती तर जागा वर्षभर भरलेली दिसली असती, पण संपणारे नसणे आणि न संपणारे नसणे यांतला फरक तिथे कधीच जाणवला नसता.

या झाडांना जगवणे सोपे नव्हते. चौकाखाली संग्रहालय, रेल्वेची व्यवस्था आणि इतर बांधकाम आहे, म्हणजे ज्याला लोक जमीन समजतात ते खरे तर छत आहे. शहरातल्या फरसबंदीखाली माती तुडवली जाऊन दगडासारखी घट्ट होते, मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही, आणि रस्त्यांवरची अनेक झाडे त्यानेच मरतात. इथे दगडी फरशी मातीच्या वर स्वतंत्र आधारांवर उचलून धरलेली आहे, त्यामुळे हजारो माणसांचे वजन मातीवर येत नाही. पावसाचे पाणी खालच्या टाक्यांत साठवून झाडांना दिले जाते. झाडे रोपवाटिकांतून निवडून, चौकाचे काम पूर्ण होईपर्यंत न्यू जर्सीत काही वर्षे वाढवून मगच इथे आणली गेली. या सगळ्यांत एक झाड वेगळे आहे. कॅलरी पेअर जातीचे ते झाड ऑक्टोबर २००१ मध्ये ढिगाऱ्याखाली भाजलेल्या, मोडलेल्या स्थितीत सापडले. शहराच्या उद्यान विभागाने ते ब्राँक्समधल्या रोपवाटिकेत जगवले. २०१० साली वादळात ते पुन्हा उन्मळले, पुन्हा सावरले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चौकात परत आले. त्याच्या जुन्या खडबडीत खोडातून फुटलेल्या नव्या गुळगुळीत फांद्यांचा सांधा आजही स्पष्ट दिसतो.

अभावाच्या विचाराला एक गैरसोयीची बाजूही आहे. जमिनीवर घडा नाही, तसे वस्त्रही नाही, हत्तीही नाही. एकाच अधिकरणावर अगणित अभाव असतात. मग त्यांतला कोणता दाखवायचा, हे कोण ठरवते? जुळे मनोरे बांधण्यासाठी १९६०च्या दशकात याच जागेवरची रेडिओ रो ही वस्ती पाडली गेली. रेडिओ आणि विजेच्या उपकरणांची शेकडो छोटी दुकाने तिथे होती, चालते रस्ते होते. दुकानदारांनी लढा दिला आणि ते हरले. त्या रस्त्यांच्या जागी एकसंध मोठे आवार आले आणि मिनोरू यामासाकीने रचलेल्या मनोऱ्यांमध्ये एक विस्तीर्ण पटांगण झाले. ते वाऱ्याने झोडपलेले आणि बहुतेक वेळ ओस असे. आजचा चौक मनोऱ्यांचा अभाव दाखवतो, रेडिओ रोचा दाखवत नाही.

इथून उत्तरेला काही मिनिटांच्या अंतरावर दुसरे उदाहरण आहे. १९९१ साली एका सरकारी इमारतीच्या पायाचे खोदकाम चालू असताना सतराव्या-अठराव्या शतकातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे, त्यांतल्या बहुसंख्य गुलामांचे, दफनस्थान सापडले. ४१९ जणांचे अवशेष बाहेर काढले गेले आणि मोठ्या जनआंदोलनानंतर २००३ साली सन्मानपूर्वक पुन्हा पुरले गेले. २००७ साली तिथे स्मारक झाले. त्या माणसांची नावे कुणी लिहून ठेवली नव्हती. एका स्मारकात हव्या त्या शेजाऱ्यासह कोरलेली नावे आणि दुसऱ्यात नावांविना मृत्यू, इतक्या जवळजवळ. अभाव दिसण्यासाठी प्रतियोगीचे ज्ञान लागते आणि ते ज्ञान जपण्याची ताकद समाजात सर्वांना सारखी मिळालेली नसते. ही उणीव कोणत्याही भूदृश्य रचनेने भरून निघत नाही.

राहतो धर्माचा प्रश्न. ही जागा पवित्र आहे का? इथल्या मृतांपैकी सुमारे ४० टक्के लोकांच्या अवशेषांची ओळख आजवर पटलेली नाही. ओळख न पटलेले अवशेष मे २०१४ मध्ये चौकाखाली, संग्रहालयाच्या इमारतीतल्या पण शहराच्या वैद्यकीय परीक्षकांच्या ताब्यातल्या दालनात आणले गेले. त्यालाही काही नातेवाइकांचा विरोध होता. कितीतरी कुटुंबांसाठी हा चौक म्हणजेच समाधी. पण मृतांत ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, हिंदू, बौद्ध आणि कोणताही धर्म न मानणारे असे सगळेच होते. शासनाने कोणत्याही एका धर्माची बाजू घेऊ नये, असा अमेरिकी राज्यघटनेचा दंडक आहे. ढिगाऱ्यात सापडलेली क्रूसाच्या आकाराची पोलादी तुळई संग्रहालयात ठेवण्याविरुद्ध नास्तिकांच्या एका संघटनेने दावा लावला होता. २०१४ साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. मदतकार्याच्या काळात त्या तुळईने अनेकांना धीर दिला, या इतिहासाचा भाग म्हणून ती तिथे आहे, असे न्यायालयाने मानले. वर चौकात मात्र कोणतेही धर्मचिन्ह नाही. पाणी, दगड, कांस्य, झाड आणि नाव, एवढीच सामग्री.

रिकामेपणाची उपासना धर्मांना नवी नाही. चिदंबरमच्या मंदिरात पडदा बाजूला केला की मागे मूर्ती नसते, मोकळे आकाश असते आणि तेच शिवाचे रूप मानतात. बुद्धाची मानवी मूर्ती घडवायला सुरुवात होण्यापूर्वी शिल्पकार रिकामे आसन आणि पाऊलखुणा कोरत. भाज्याच्या चैत्यगृहातही मूर्तीविना साधा स्तूप आहे. पण या रिकामेपणात कुणाची तरी उपस्थिती सांगितलेली आहे. चिदंबरमचे आकाश भरलेले आहे, कमी पडलेले नाही. मॅनहॅटनची पोकळी तशी नाही. तिला बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची शून्यता म्हणणेही चुकीचे होईल, कारण ती शून्यता कशाच्या तरी नष्ट होण्याने आलेली नसते. सर्व गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात एवढेच ती सांगते. इथले नसणे साधे, कोरडे आणि कायमचे आहे. त्यावर कोणत्याही अध्यात्माची शाल पांघरली गेली नाही, आणि म्हणूनच कोणत्याही धर्माचा माणूस त्याच्यासमोर आपापल्या परीने उभा राहू शकतो. कुणी प्रार्थना करतो, कुणी नुसता उभा राहतो. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या नावात सकाळी एक पांढरा गुलाब खोवला जातो. हा या जागेत रुजलेला विधी कोणत्याही धर्मग्रंथात नाही.

आणि हा चौक शहराचाही आहे. सुरुवातीची काही वर्षे भोवती बांधकाम चालू असल्यामुळे कुंपण होते आणि आगाऊ परवाना घेऊन आत जावे लागे. मे २०१४ मध्ये कुंपण निघाले. संग्रहालयाला तिकीट आहे, चौकाला नाही. कामावर जाणारी माणसे आता झाडांखालून वाट काढतात, दुपारी दगडी बाकांवर टेकतात, पर्यटक छायाचित्रे काढतात. काही नातेवाइकांना हे खुपते आणि त्यांचे खुपणे खोटे नाही. तरीही वाट मोकळी ठेवण्याचा निर्णय योग्यच आहे. बहुतेक संस्कृतींनी स्मशान वस्तीबाहेर ठेवले, कारण रोजच्या जगण्याला मृत्यूची रोज आठवण सोसत नाही. इथे मेलेली माणसे मात्र वस्तीच्या मधोमध, कामाच्या वेळी, कामाच्या जागी मेली. त्यांचा अभाव वस्तीबाहेर नेला असता तर अधिकरणच बदलले असते.

३० मे २०१९ रोजी चौकाच्या नैर्ऋत्य भागात मेमोरियल ग्लेड ही नवी जागा खुली झाली. एका वाटेच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे सहा प्रचंड खडबडीत दगड जमिनीतून वर उसळल्यासारखे तिरपे उभे आहेत आणि त्यांच्या भेगांत मनोऱ्यांचे पोलाद बसवलेले आहे. ढिगारा उपसताना विषारी धूळ छातीत घेऊन पुढे आजारी पडलेल्या आणि मेलेल्या कामगारांचे, जवानांचे आणि आसपासच्या रहिवाशांचे हे स्मारक. हल्ल्याच्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले होते. नंतरच्या आजारांनी गेलेल्या जवानांची संख्याही सप्टेंबर २०२३ मध्ये ३४३ झाली आणि ती वाढतेच आहे. त्यांचा ध्वंस वीस-बावीस वर्षे सावकाश होत राहिला, म्हणून त्यांची नावे कांस्याच्या कठड्यावर आली नाहीत. ग्लेडच्या दगडांवरही एकाचे नाव नाही. यादी अजून संपलेली नाही हे कारण समजण्यासारखे आहे, पण ते पुरेसे नाही. कठड्यावर नावे नसती तर कुंडे मुकी राहिली असती. या दगडांना आज तेच मुकेपण आहे आणि तेवढ्या भागात हा चौक अपुरा आहे.